चापड्यावरचा आळ

“बाई, झाकण काढू नगा! आत जनावर हाय, जित्तं!”

मी किटली टेबलावर जवळजवळ आदळलीच आणि दोन पावलं मागं सरले. उंबऱ्यावर कुणी आणून ठेवलेली साधी ॲल्युमिनियमची दुधाची किटली, झाकण धोतराच्या चिंधीनं आवळून बांधलेलं. धनगरवाड्यावरची माणसं अधूनमधून दूध आणून देत, तसंच काही असेल म्हणून मी ती गाठ सोडायला घेतली होती.

ओरडणारा माणूस दारात उभा होता. डोक्यावर घोंगडं, त्यातून पाणी निथळत होतं. त्याच्यामागून चौघांनी बांबूला बांधलेली झोळी आत आणली. झोळीत त्याची बायको होती, उजवा हात छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून. मनगटावर दोन बारीक टिपके दिसत होते आणि पंजा पोळीसारखा टम्म फुगला होता.

“पान लागलंय,” तो म्हणाला. “वैरणीला गेल्ती. झुडपात हात घातला तवा.”

मी तेव्हा राधानगरीच्या वरच्या अंगाला, घाटमाथ्यावरच्या एका आरोग्य केंद्रात होते. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. मी मूळची सोलापूरची. उन्हाशी माझं जमायचं, पण चार-चार महिने कपडे वाळत नाहीत अशा पावसाशी माझं रोज भांडण होई. त्यात जळवा. त्यात दिवसातून दोनदा जाणारी वीज. माझा पारा त्या दिवसांत कायम चढलेला असायचा, हे मी आधीच सांगून ठेवते.

माणसाचं नाव धुळू झोरे. बायकोचं सगुणा, तो तिला सगू म्हणत होता. आमच्या बारदेस्कर सिस्टरांनी तिला खाटेवर घेतलं, हात सरळ ठेवून फळीला बांधला आणि मग किटलीकडं बघून स्वतःच्या छातीवर क्रूस काढला.

“ठेचून आणायचं सोडून जिवंत कशाला आणलंस रे बाबा?”

“मंडळी दोन जिवाची हाय माझी, सिस्टर,” धुळू म्हणाला. “साप मारून कसं चालंल?”

त्याचे सोबती एकमेकांकडं बघायला लागले. त्यांनी वाटेत त्याला बरंच समजावलं असावं. त्या भागात पक्की समजूत होती: बायको पोटुशी असताना नवऱ्यानं साप मारायचा नाही. मारला तर पोर सापासारखी जीभ बाहेर काढत जन्माला येतं, नाहीतर मान धरत नाही. मला ते ठाऊक होतं. तरीही माझं डोकं फिरलं.

“बायको इथं तळमळतेय आणि तू साप सांभाळत बसलायस? वाटेत झाकण निघालं असतं म्हणजे?”

उत्तर सगुणानं दिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच.

“त्यास्नी बोलू नगा, बाई. माझ्यासाठनं केलंय त्यांनी.”

मी चिंधी जरा सैल करून फटीतून आत बघितलं. तपकिरी अंग, त्यावर गडद डाग, तिकोनी डोकं. सिस्टर माझ्या खांद्यावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, “घोणस.” मलाही तसंच वाटलं. सोलापुरात शिकताना मी घोणशीची माणसं बघितली होती. हिरड्यांतून येणारं रक्त, बंद पडलेली लघवी.

मी कपाटातून सर्पविषावरच्या औषधाच्या बाटल्या काढल्या. त्यात भुकटी असते, पाणी घालून ती विरघळवावी लागते आणि विरघळता विरघळत नाही. ते औषध घोड्याच्या रक्तापासून बनवतात. एखाद्याला ते मानवत नाही, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. शिकत असताना माझ्या डोळ्यांदेखत एक बाई त्यानंच गेली होती. इथं तर पोटातल्या बाळाचाही प्रश्न होता आणि जवळचं मोठं हॉस्पिटल कोल्हापुरात, अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

“मुल्लाणी सरांना बोलावू का?” सिस्टर म्हणाल्या. मी हो म्हणायच्या आतच त्यांनी झोळीवाल्यांपैकी एकाला पिटाळलं होतं.

इम्तियाज मुल्लाणी गारगोटीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा आणि सुटी मिळाली की वनखात्याच्या विश्रामगृहात येऊन राहायचा. ओढ्याकाठी बसून दिवसचे दिवस सापांकडं बघत राहणं हा त्याचा उद्योग. संध्याकाळी आमच्याकडं चहाला यायचा आणि बशीत चहा निवत असताना मला सापांच्या इतक्या गोष्टी सांगायचा, की बिस्किटं संपल्यावरच त्याचं तोंड बंद व्हायचं. त्या दिवशी तो पळत आला. चप्पल एका पायातच होती.

“कुठं होता साप? जमिनीवर का वर?” त्यानं धुळूला विचारलं.

“वर. कमरंइतक्या झुडपावर. ओढ्याच्या कडंला.”

“चावल्यावर पळाला?”

“कुठला पळतोय! तितंच बसला. किटली खाली धरली आन् काठीनं आत ढकलला.”

“मॅडम, बाटल्या बाजूला ठेवा जरा,” इम्तियाज म्हणाला. “घोणस झाडावर चढून बसत नाही.”

त्यानं झाकण काढून आत एक काठी सोडली. साप सावकाश तिच्यावर आला. डोकं पुढं सरकलं, पण शेपटीनं त्यानं काठीला घट्ट विळखा घातला आणि तो तसाच लटकत राहिला, अगदी निवांत.

“शेपूट बघा. झाडावरच्याला अशी पकड लागते. आणि हे बघा, डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये खळगा आहे. दिसतोय? अंधारात बेडकाची ऊब त्याला यानं कळते. मॅडम, हा चापडा आहे, मलबारी चापडा. हा सह्याद्री सोडला तर जगात कुठंही सापडणार नाही तुम्हाला.”

“चापडा हिरवा असतो की!”

“हिरवा असतो, तपकिरी असतो, पिवळा असतो. एका ओढ्यावर मी चार बघितलेत, चौघांचे चार रंग. एकाच फांदीवर दिवसचे दिवस बसून राहतो बिचारा. बेडूक येईल तेव्हा येईल. कुणाच्या वाटेला जात नाही.” मग तो धुळूकडं वळला. “बरं केलंस जिवंत आणलास. सगळे डोकं ठेचूनच आणतात. तसा आणला असतास तर हा रंग बघून मीही घोणसच म्हटलं असतं.”

“मग औषधाचं काय?” मी विचारलं.

“याच्यावर औषध नाही. तुमच्या बाटलीत चौघांचाच उतारा आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं. ते टोचून हिला काही फायदा नाही. झाला तर त्रासच होईल.”

“आणि न टोचता?”

“दुखेल. सुजेल. बहुतेक माणसं उठून घरी जातात.”

‘बहुतेक’ हा शब्द डॉक्टरला किती बोचतो ते त्याला काय कळणार! मी सगुणाचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी न हलवता उभी करून ठेवली. घोणशीचं विष भिनलेलं रक्त तसंच पातळ राहतं. ती वीस मिनिटं मी त्या नळीसमोर बसून होते. धुळू भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, डोळे माझ्या हातांवर. वेळ भरल्यावर मी नळी कलती केली. रक्त जागचं हललं नाही. छान घट्ट गुठळी धरली होती.

“जगंल?” धुळूनं विचारलं.

“जगेल,” मी म्हणाले. आज इतक्या वर्षांनी सांगते, तेवढं खणखणीत मी नंतरच्या नोकरीत फार थोड्या वेळा बोलले असेन.

त्यानं घोंगड्याच्या टोकानं तोंड पुसलं. मग बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “आन् पोटातलं?”

मी पडदा ओढला आणि सगुणाच्या पोटावर हात ठेवला. पाचवा लागलाय, असं धुळूनं सांगितलं होतं. पाचव्यात हाताला जे लागायला हवं, ते लागेना. मी पुन्हा चाचपलं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

“नगा चाचपू,” ती इतक्या हळू म्हणाली की मी वाकले. “काय न्हाई तितं.”

“कधी झालं?”

“पंचमीच्या आदी, तीन आठवडं झालं. हे लोणी घिऊन गारगोटीला गेल्ते. मी रानात व्हते, एकलीच. तितंच जांभळीखाली पुरलं.”

“कुणाला बोललीस?”

तिनं मान हलवली. “आठ वर्सं झाली लग्नाला. सासूनं तिच्या भावाची ल्येक बघून ठेवलीया ह्यांच्यासाठनं. माझ्या पोटात हाय म्हणून म्हातारी गप हाय. बाई, ह्यास्नी सांगू नगा. तंबाकू सोडलीया त्यांनी पोरापायी. रातच्याला आपलं घोंगडं माझ्यावर घालत्यात आन् सोताला भिजकं पोतं.” तिनं पोटावरचा पदर सारखा केला. “कसं सांगू मी त्यास्नी?”

“अगं, पण किती दिवस लपवशील?”

“आजचा दिस गेला. उद्याचं उद्या.”

आत काही राहिलेलं नव्हतं, ताप नव्हता, प्रकृती ठीक होती. मी तिला शब्द दिला की माझ्या तोंडून हे नवऱ्याला कळणार नाही. तिनं डाव्या हातानं माझा पदर धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

मी बाहेर आले तेव्हा धुळू उठून उभा राहिला.

“बाळाचं आत्ता नक्की सांगता येत नाही,” मी डॉक्टरी आवाज काढला. “उद्या बघू.”

“बरं,” तो म्हणाला आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसला. भोळा माणूस आहे, मी मनात म्हटलं. आपण दुसऱ्याला किती पटकन भोळं ठरवतो!

सकाळी फळी सोडली तेव्हा सूज कोपराशी थांबली होती. रक्त पुन्हा तपासलं, चांगलं गोठलं. सगुणानं अर्धी वाटी पेज खाल्ली आणि म्हशींना कोण बघतंय याची चौकशी सुरू केली. म्हणजे आता काळजीचं कारण उरलं नव्हतं.

इम्तियाज किटलीपाशी घुटमळत होता. “धुळू, चार दिवस राहू दे माझ्याकडं. मोजतो, वजन करतो, मग मीच नेऊन सोडतो.”

“नगं, सर. जितनं आणला तितं सोडायचा.”

“तीन दिवस?”

“सर, भाजी घेताय का?” मी म्हणाले. तो गप्प झाला, पण तोंड पाडून.

सगुणाला सिस्टरांच्या हवाली करून आम्ही तिघं निघालो. मी का गेले? खरं सांगायचं तर रात्रभर आत बायको, बाहेर नवरा आणि मध्ये मी, अशी माझी गत झाली होती. आरोग्य केंद्रात थांबले असते तर सगुणाच्या डोळ्यांतला तोच प्रश्न दिवसभर बघावा लागला असता. त्यापेक्षा जळवा परवडल्या.

पाऊस थांबला होता. ओढा गढूळ होऊन वाहत होता. धुळूनं ते झुडूप दाखवलं. इम्तियाजनं किटली फांदीला लावली, आतल्या काठीला हलका हिसका दिला आणि चापडा फांदीवर आला. आला आणि बसला. जसं काही मधलं काही घडलंच नाही. दोन पावलांवरून मला तो नीट दिसेना, वाळक्या पानांतलं आणखी एक पान वाटत होतं. इम्तियाज त्याचे भाऊबंद शोधायला ओढ्याच्या अंगानं खाली गेला.

धुळूनं पायताण काढलं, डोक्यावरचं घोंगडं खाली घेतलं आणि सापापुढं हात जोडले.

“बाबा, तुझ्यावर आळ घ्यायचा हाय,” तो म्हणाला. “रागं भरू नगंस.”

“कसला आळ?” मी विचारलं.

तो माझ्याकडं वळला नाही. सापाकडंच बघत बोलला.

“बाई, तुमी सगूला सांगा, पोर ह्याच्या इखानं गेलं.”

तिला दिलेला शब्द आठवून मी म्हणाले, “गेलं असं कोण म्हणालं तुला? मी काही बोललेय?”

“तुमी न्हाई बोलला. तिनंबी न्हाई.” त्यानं नाक शिंकरलं. “गारगोटीस्नं आलो त्या दिशी म्हशी वळवाय गेल्तो. जांभळीखाली माती हलल्याली दिसली. वर तिची चोळी फाडून बांधल्याली चिंधी, आन् बारकं बारकं दगुड. सगूचंच काम. कोल्हं उकरंल म्हणून मी वर मोठा धोंडा आणून ठिवला. तिला वाटतंय, पावसानं गडगडत आला.”

“मग तिला विचारलं का नाहीस?”

“ती सांगत न्हाई, मग मी कसा इचारू? तिला वाटतंय मला सोसायचं न्हाई.” त्यानं घोंगडं खांद्यावर टाकलं. “सोसत न्हाईच. पर तिचं तोंड बघवत न्हाई, बाई. रोज मला सांगती, आज लाथ मारली, आज फिरलं. मीबी हात ठिवून बघतो, व्हय म्हणतो.”

ओढ्याचा आवाज होता म्हणून बरं. मी डोळे पुसले ते त्याला कळलं नसावं.

“आणि साप?” मी म्हणाले. “तुला तर सगळं ठाऊक होतं. मग मारला का नाहीस?”

“काठी उचलल्याली की. गडी वरडत व्हते, मार म्हणून. तेवढ्यात बघितलं तर सगू हात धरून माझ्याकडंच बघाय लागल्याली. साप मारला असता म्हंजे तिला कळलं असतं न्हवं, की मला म्हाईत हाय?”

मी तिथंच एका ओल्या दगडावर बसले.

“आता म्हातारीचंबी तोंड बंद व्हतंय,” तो हिशेब केल्यासारखा सांगत होता. “सापानं न्येलं म्हणल्यावर सगूवर कोण बोट ठिवणार न्हाई. दुसरी करायचं मी तसंबी न्हाईच म्हणनार व्हतो. पर तिला रोज खोटं बोलाय लागू नये. आन् मी इचारलं म्हणून सांगाय लागलं, आसंबी व्हऊ नये.”

“अरे, पण मग तुझ्या वाड्यावरची माणसं दिसेल तो चापडा ठेचत सुटतील.”

“माझ्या रानात न्हाई ठेचू द्यायचो. शपथ घेतो हितं.”

इम्तियाज परत आला तो ओढ्याच्या खळखळाटात शेवटचं तेवढं ऐकतच. “कुणाला ठेचणार? का?”

“सर, सगुणाचं मूल राहिलं नाही. विषानं गेलं.”

“चापड्याच्या?” त्याचा चेहरा खरोखर दुखावला. “मॅडम, असं कसं म्हणता? चापड्याच्या विषानं गर्भ गेल्याचं माझ्या तरी ऐकण्यात...”

“सर,” मी म्हणाले, “आजचा दिवस गप्प बसाल? वर्षभर बिस्किटं देईन.”

तो माझ्याकडं, मग धुळूकडं, मग त्या फांदीवरच्या सापाकडं बघत राहिला. त्याला काय समजलं, किती समजलं, मी कधी विचारलं नाही. तो दिवसभर गप्प बसला, एवढं मात्र खरं.

आम्ही परतलो तेव्हा सगुणा खाटेवर उठून बसली होती. सिस्टरांना मी काहीतरी आणायला पाठवलं. धुळू दाराशीच थांबला, घोंगडं हातात चुरगाळत. मी खाटेशी जाऊन उभी राहिले.

“सगुणा, तुझ्या जिवाला आता धोका नाही,” मी म्हणाले. “पण बाळ राहिलं नाही, बाई. सापाच्या विषानं गेलं. यात तुझी काही चूक नाही.”

क्षणभर तिला कळेना. तिच्या डोळ्यांत आधी भीती आली, मी शब्द मोडला अशी. मग तिनं मी काय म्हणाले ते पुन्हा मनात ऐकलं असावं. तिनं माझ्याकडं बघितलं, ते बघणं मी अजून विसरले नाही. आणि मग ती दाराकडं वळली.

धुळू आत आला. खाटेच्या कडेला जमिनीवर बसला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्यानं रडायला लागला. तीन आठवडे कोंडलेलं रडणं होतं ते. चांगला उंचापुरा माणूस, पण पाठ गदगदा हलत होती. सगुणाही रडली. आडपडदा न ठेवता, तोंडानं आवाज काढून. बाहेरचे सोबती व्हरांड्यातून आत डोकावले आणि हळूच मागं सरले.

बऱ्याच वेळानं तिनं सुजलेला हात उचलून त्याच्या केसांवर ठेवला.

“सापावर राग धरू नगा,” ती म्हणाली. “मुका जीव हाय. त्याला काय ठावं?”

“न्हाई धरत,” धुळू म्हणाला.